लाल शाईने लिहिलेली ओळ

अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाताना डाव्या हाताला आमचं शुश्रूषा केंद्र होतं. दोन मजली, चौदा बेडचं. हाड मोडलेले, लकवा मारलेले, ऑपरेशन होऊन दवाखान्यातून सुटलेले पण घरी उठबस करायला कुणी नसलेले म्हातारे लोक आमच्याकडे दोन-तीन महिने राहत आणि मग घरी जात. काही जात नसत. मी तिथं सिस्टर इनचार्ज होते. ड्रेसिंग, औषधांच्या वेळा आणि प्रत्येक पेशंटची फाईल, हे सगळं माझ्याकडे.

भाद्रपदात सहा नंबरच्या बेडवर एक आजी आल्या. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका गावच्या, माळ्याच्या घरच्या. घरी झेंडू, शेवंती, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर. मोरीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं, त्याचं ऑपरेशन झालं होतं. सोबत मुलगा आला होता. पन्नाशीतला, उन्हानं रापलेला, कमी बोलणारा. मला म्हणाला, "सिस्टर, दसरा-दिवाळी आमचा फुलाचा सीझन. घरचे सगळे पहाटेपासून मळ्यात. आईले कोण पाहीन? दिवाळी झाली का घेऊन जातो." असं पुष्कळ जण म्हणतात. पण हा माणूस दर रविवारी येत असे, आणि त्याच्यासोबत त्याची मोठी मुलगी. ती अमरावतीतच बी.एड. करत होती. आजीचं डोकं ती विंचरून द्यायची आणि कॉलेजातल्या गोष्टी सांगायची. तिचं लग्न अकोल्याला ठरलं होतं आणि दिवाळीनंतर साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. सून म्हणून नेणाऱ्या लोकांनी मुलगी बघायला आल्यावर आजीच्या पाया पडून आशीर्वाद घेतला होता, हे आजींनी मला किमान दहा वेळा सांगितलं असेल.

आजींच्या उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या खाली, रुपयाएवढी जखम होती. जुनी, कडा जाड झालेल्या.

"शुगरचा पाय हाये," मुलगा म्हणाला. "लय वर्सांपासून हाये. बरा होते आन् पुन्हा चिघयते."

पण आमच्याकडे रक्त तपासलं तर शुगर नव्हती. पुन्हा तपासलं, तरी नव्हती. आठवड्यातून दोनदा येणारे आमचे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, ही शुगरची जखम नाही. मग कशाची? तुमच्याशी बोलतात त्या. हिस्टरी नीट घ्या."

त्या माझ्याशी बोलत हे खरं होतं. मी तेल्हाऱ्याची, त्यांच्यासारखंच वऱ्हाडी बोलणारी आहे, हे कळल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, "तेल्हाऱ्याची व्हय? मंग घरचीच हायेस." माझ्या हातून ड्रेसिंग करून घ्यायला त्यांना आवडे. मी जखम साफ करत असताना त्या वांग्यावरच्या किडीबद्दल बोलत राहायच्या. चिमटा थेट मांसाला लागत होता आणि त्यांचा आवाज जरासुद्धा हलत नव्हता. एवढी वर्षं नर्सिंग केल्यावर मला ते कळायला हवं होतं. कळलंही होतं, पण मी स्वतःला सांगितलं नव्हतं.

एका दुपारी शेजारच्या बेडवरच्या बाईंना व्यायामासाठी खाली नेलं होतं. मी म्हटलं, "आजी, हे शुगर नाई. तुमाले माईत हाये आन् मले बी थोडं थोडं समजून राह्यलं. सांगा."

आजींनी दाराकडे पाहिलं. "दार लाव."

मी दार लावलं.

त्या तेरा वर्षांच्या होत्या तेव्हा मांडीवर एक चट्टा आला होता. त्यावर काही टोचलं तर कळत नसे. वडिलांनी एका दूरच्या दवाखान्यात नेलं. गावात सांगितलं, पोरगी मामाकडे राहायला गेली. तीन वर्षं त्या तिथं होत्या, पांढऱ्या गोळ्या खात. मग तिथल्या डॉक्टरांनी रोग पूर्ण बरा झाल्याचा कागद दिला. तो कागद घरी आणल्या आणल्या आईनं चुलीत घातला. सतराव्या वर्षी लग्न झालं. चट्टा गेला होता, पण उजवा तळपाय तेव्हापासून बधिरच राहिला. मळ्यात काटा मोडला, खिळा शिरला, चुलीतला निखारा पायाखाली आला, त्यांना रक्त दिसल्यावरच कळायचं. पुढं गावात कुणाला तरी शुगरचा पाय झाला आणि आजींना नाव सापडलं. त्यांनी तेच सांगायला सुरुवात केली. नवरा गेला तोवर त्यालाही ठाऊक नव्हतं.

"महारोग," त्या म्हणाल्या. शब्द उच्चारताना त्यांनी तोंडावर पदर धरला होता. "पन्नासच्या वर वर्सं झाली, पहिल्यांदा बोलून राह्यली."

मी त्यांना सांगितलं की तो आजार आता त्यांच्या अंगात नाही, कुणाला लागत नाही, पोरांना होत नाही. त्या हो हो म्हणत राहिल्या. हे सगळं त्यांना त्या पहिल्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं.

"फक्त लिहू नको, बाई."

"डॉक्टरले सांगा लागन, आजी. त्याशिवाय पायाचा इलाज बरोबर होनार नाई. पण फाईल कपाटात असते. ते अन् मी, दोघंच पाहतो."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुह्यावर सोडते."

मी फाईलमध्ये लिहिलं. डॉक्टरांनी इलाज बदलला. पायावर भार यायला नको म्हणून मऊ तळाची खास चप्पल मागवली, ड्रेसिंगची पद्धत बदलली. तीन आठवड्यांत जखम तळापासून भरायला लागली. आजी आरसा मागवून तळपाय पाहायच्या. मला तेव्हा वाटत होतं की आपण फार चांगलं काम केलं.

मग गरम पाण्याच्या पिशवीचं झालं. थंडी सुरू होत होती. नव्याने लागलेल्या एका मावशींनी, आजींचे पाय गार पडलेत म्हणून, मायेनंच पिशवी पायाशी ठेवली. पिशवी फार गरम होती. आजींना काही कळलं नाही. सकाळी मी पाहिलं तर टाचेखाली लिंबाएवढा फोड. मावशी रडायला लागल्या. "मले कोणी सांगतलंच नाई," त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

म्हणून मी ते ड्यूटीच्या वहीत लिहिलं. ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरसाठी आम्ही एका वहीत प्रत्येक बेडचं लिहून ठेवत असू. मी लाल शाईने लिहिलं: बेड ६, उजव्या तळपायाला संवेदना नाही, लहानपणी कुष्ठरोग, पूर्ण बरा. गरम पाणी, पिशवी देऊ नये. आणि शेवटी, खाली रेघ मारून: ही माहिती नातेवाइकांना सांगू नये.

नुसतं "संवेदना नाही" एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. हा विचार मी त्यानंतर इतक्या वेळा केला आहे की आता त्याला काही धार राहिलेली नाही. त्या दिवशी मात्र कारणासकट लिहिलं म्हणजे लोक गांभीर्यानं घेतील असं वाटलं. आणि ही वही कायमची काउंटरवर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताशी पडलेली असे, हे मला दिसत असून दिसलं नाही.

आमचे मोबाईलवर दोन ग्रुप होते. एक स्टाफचा, एक नातेवाइकांचा. दोन्हींवर केंद्राच्या इमारतीचाच फोटो. नातेवाइकांच्या ग्रुपवर आम्ही वाढदिवस, आरती, अंगणात बसलेले पेशंट असले फोटो टाकायचो. स्टाफच्या ग्रुपवर सगळंच जायचं, रिपोर्ट, जखमांचे फोटो, वहीची पानं. पुढची सिस्टर उशिरा येणार असेल तर वहीच्या पानाचा फोटो टाकून निघायचं, ही आमची रीत होती. कुणी शिकवली नव्हती. सगळे करत, मीही करत असे.

त्या सोमवारी अकोल्याला माझ्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दुपारची सिस्टर आली नव्हती. तिची गाडी पंक्चर झाली होती. भावाचे फोनवर फोन येत होते. मी पानाचा फोटो काढला, पर्स उचलली, ऑटोत बसले आणि बडनेरा स्टेशनच्या वाटेवर फोटो पाठवून दिला. थोड्या वेळानं फोन वाजला. एका पेशंटच्या मुलीनं विचारलं होतं, "सिस्टर हे काय आहे?"

मी ग्रुपचं नाव वाचलं.

 बोटांना काही कळेना. मी फोटो सगळ्यांसाठी डिलीट केला. मधे आठ-नऊ मिनिटं गेली असतील. घाईत किती जणांनी पाहिला तेही बघितलं नाही, आणि डिलीट केल्यावर ते कळायची सोय उरली नाही. मग मी लिहिलं, "चुकून दुसरा फोटो आला, क्षमा असावी." कुणी तरी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. कुणी तरी गुड आफ्टरनून टाकलं. गाडीत बसल्यावर मी स्वतःची समजूत घातली की फोटो तिरपा होता, अक्षर माझं, कोण एवढं वाचतंय. नाव तर लिहिलेलं नव्हतं. पण सहा नंबरच्या बेडवर कोण आहे हे त्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गणपतीच्या आरतीचे फोटो मीच टाकले होते, बेडचे नंबर दिसतील असे.

दुसऱ्या दिवशी मी परतले. आजी भाकरी खात होत्या. मी त्यांचं ड्रेसिंग केलं. संचालकांना काही सांगितलं नाही. आजींनाही नाही. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही दिवस मी तो पाय हातात घेतला आणि काही बोलले नाही. हे मला फोटोपेक्षा जास्त लागतं. फोटो घाईत गेला. हे तीन दिवस मी सावकाश, विचार करून गप्प राहिले.

शुक्रवारी मुलगा आला. रविवार नसताना तो कधी येत नसे. काउंटरपाशी उभा राहून त्यानं मोबाईल माझ्यासमोर धरला. माझ्या फोटोचा फोटो होता तो. कुणी तरी आपल्या मोबाईलचा स्क्रीन दुसऱ्या मोबाईलनं टिपला होता. लाल ओळ स्पष्ट वाचता येत होती.

"हे खरं हाये का, सिस्टर?"

आज मला वाटतं, त्याला माझ्याकडून नाही ऐकायचं होतं. बेड नंबर चुकला, दुसऱ्या पेशंटचं आहे, असं मी म्हटलं असतं तर तो ते घेऊन घरी गेला असता आणि ज्यांनी हा फोटो त्याला पाठवला त्या अकोल्याच्या सोयऱ्यांशी भांडला असता. मी म्हटलं, "भाऊ, ते लहानपणीचं हाये. पूर्ण बरं झालेलं. आता काहीच नाई त्यांना. डॉक्टरांना विचारा तुम्ही."

"म्हणजे खरं हाये," तो म्हणाला.

तो आईच्या खोलीत गेला. मी दारात उभी होते. तो बसला नाही.

"आई, माह्या बापाले माईत होतं?"

आजींनी आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यावरून त्यांना सगळं कळलं.

"नाई," त्या म्हणाल्या.

"आमाले बी कावून नाई सांगतलं?"

आजींनी चादर ओढून पाय झाकला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं टेबलावरची आईची औषधं पिशवीत भरायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी तो त्यांना घेऊन गेला. दिवाळीला आठ दिवस होते, मळा झेंडूनं भरलेला होता, आणि त्यांच्याकडे पाहायला घरी कुणी मोकळं नव्हतं.

फोटो कुठून गेला ते मला नंतर कळलं. दोन नंबरच्या बेडवरच्या आजोबांची मुलगी अकोल्यात दिलेली होती, आणि नातीच्या नवऱ्या मुलाकडच्यांची ती नात्यातली होती. मी तिला फोन केला. भांडायला केला होता.

ती शांतपणे म्हणाली, "सिस्टर, तुम्ही डिलीट केलं. पण मी पाहिलं होतं ना. उद्या वहिनीनं, मुलाच्या आईनं, मला विचारलं असतं, तुला माहीत होतं आणि तू बोलली नाहीस, तर मी काय उत्तर दिलं असतं? मी काही खोटं तर पाठवलं नाही."

मी फोन ठेवला. 

अकोल्याच्या लोकांनी त्या आजाराचं नावही काढलं नाही. पत्रिका दुसऱ्या एकाला दाखवली, जमत नाही म्हणतात, असा निरोप दिला. मुलगी चांगली आहे, तिला चांगलं स्थळ मिळेल, असंही म्हणाले.

संचालकांनी मला बोलावलं. मी सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. डोकं धरून बसले, मग म्हणाले, "लेखी माफी द्या त्या कुटुंबाला. पण त्यात आजाराचं नाव नको. आणि फोटोचं लिहू नका. तांत्रिक चूक असं लिहा." मी तसं लिहिलं. आठवडाभरात एक पोलादी कपाट आलं, कुलूपवालं. बाहेरून एक बाई येऊन माहिती गुप्त ठेवण्यावर दोन तास बोलल्या. आम्ही सगळ्यांनी एका कागदावर सह्या केल्या. त्या बाई बोलत असतानाच आमच्यातल्या एकीनं त्यांचा फोटो काढून स्टाफच्या ग्रुपवर टाकला. मला कुणी कामावरून काढलं नाही. सिस्टर मिळत नव्हत्या. कपाटाची चावी माझ्याकडेच दिली.

दिवाळीनंतर मी त्यांच्या गावी गेले. नांदगावपर्यंत बस, पुढं ऑटो. नात मळ्यातच भेटली. झेंडूचा तोडा संपला होता, ती वाळलेली झाडं उपटत होती. तिनं मला ओळखलं आणि ती हातातली माती झटकत राहिली.

"आजी तिकडे हाये," तिनं मोटारपंपाच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"तिथं? कोणी ठेवलं?"

"कोणी नाई ठेवलं. तिनंच म्हटलं. आई रोज ड्रेसिंगले जाते, तर पायाले हात लावू देत नाई तिले. बाबा बोलले, मी बोलली. आयकत नाई." मग जरा थांबून म्हणाली, "ताई, मले आजीचं काही वाटत नाई. शपथ. मी शिकली हाये, मले समजते. पण लग्न मोडलं तं घरात कोणी कोणाकडे पाहून बोलत नाई. आई रडते. म्हणून आजी तिकडे गेली."

खोली स्वच्छ होती. बाज, घागर, एक स्टूल. पंपाचं मीटर भिंतीवर. आजी बाजेवर बसलेल्या होत्या. उजव्या पायाला जुनी चिंधी गुंडाळली होती आणि खोलीत तो वास होता, जो नर्सला दारातूनच कळतो.

"आजी, पाय दाखवा."

"राहू दे."

मी खाली बसले. मी माफी मागितली. काय काय बोलले ते आठवत नाही, बरंच बोलले. त्या ऐकत होत्या. मधेच त्यांनी मला पाणी घे म्हणून घागरीकडे हात केला. माझं बोलणं संपल्यावर म्हणाल्या, "मायनं सांगतलं होतं, तोंडातून काढशील तं संसाराची माती होईन. म्या नवऱ्याले नाई सांगतलं. तो मरून राह्यला होता, माहा हात धरून होता, तवाबी नाई सांगतलं. तुले कावून सांगतलं, तेच मले समजून नाई राह्यलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच ते कळत नव्हतं आणि त्या त्यावर विचार करत होत्या.

मी ड्रेसिंगचं सामान आणलं होतं. ते स्टुलावर ठेवलं आणि परत आले.

माघात नातीचा फोन आला. आजीला अकोल्याच्या दवाखान्यात आणलं होतं. ताप होता, पाय काळा पडला होता. अमरावती जवळ असताना अकोला का, असं मी विचारलं नाही. अमरावतीत ओळखीचे लोक फार होते. अकोल्यात त्या मोडलेल्या सोयरिकीपलीकडे त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. "तुमी येऊ शकान का? आमाले डॉक्टरचं बोलणं समजत नाई," ती म्हणाली. मी सकाळच्या गाडीनं गेले.

वॉर्डात तरुण डॉक्टर माहिती लिहून घेत होता. जखम किती दिवसांची, आधी काही आजार होता का.

"शुगर," आजी म्हणाल्या. तापानं त्यांचे डोळे लाल झाले होते.

"हो, शुगर हाये," मुलगा म्हणाला. "लय वर्सांची."

नातीनंही मान हलवली. डॉक्टरनं लिहिलं. मी तिथंच उभी होते. डॉक्टरनं विचारलं, तुम्ही कोण. मी म्हटलं, ओळखीची.

दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. तो डॉक्टर मला व्हरांड्यात गाठून म्हणाला, "मी त्यांच्या पायाला हात लावला तेव्हा तुम्ही ज्या तऱ्हेनं पाहत होतात, तुम्ही नर्स आहात ना? यांना शुगर नाही. काही असेल तर मला सांगा. माझ्याकडे वेळ कमी आहे."

मी म्हटलं, "पेशंटला विचारून सांगते."

नियमाप्रमाणे हेच बरोबर होतं. त्या दोन तासांच्या भाषणातही हेच सांगितलं होतं. मी आजींच्या कानाशी वाकले आणि विचारलं, "आजी, डॉक्टरले खरं सांगू का? तुमी हो म्हनान तरच सांगते."

त्यांनी डोळे उघडले. 

"तू आता ईचारून राह्यली मले?"

एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी व्हरांड्यात गेले आणि डॉक्टरला म्हटलं, मला काही माहीत नाही. तो मान हलवून निघून गेला. संध्याकाळी गुडघ्याखाली पाय कापला. हाडापर्यंत सगळं सडलं होतं, आधी कळलं असतं तरी हेच करावं लागलं असतं, असं तो मुलाला म्हणाला. ते खरं असेल. घरच्यांना बरं वाटावं म्हणून आम्ही लोक असं म्हणतोही. मी स्वतः कित्येकदा म्हटलं आहे.

आजी त्यानंतर तीन आठवडे जगल्या. त्या वेळी त्यांना घरातच ठेवलं होतं, पुढच्या खोलीत. सून त्यांना हातानं भरवत असे. हे मला नातीनं फोनवर सांगितलं. ती बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, "शेवटी आजी कोणाशी बोललीच नाई. विचारलं का नुसती आमच्या हाताकडे पाहे." मी तेराव्याला गेले नाही. मला कुणी बोलावलंही नव्हतं.

चैत्रात मुलगा आमच्या केंद्रात आला. आजींना घरी नेताना आम्ही दिलेला वॉकर परत करायला. धुऊन, पुसून आणला होता. वॉकर भिंतीला लावून तो माझ्या टेबलासमोर बसला.

"सिस्टर, आईची फाईल तुमच्यापाशी असन."

"हो."

"ते मले द्या. नाई तं ते पान तेवढं फाडून द्या. माई धाकटी पोरगी हाये अजून. अकरावीत हाये. चार-पाच वर्सांनी तिचं पाहा लागन."

मी त्याला सांगितलं की फाईल देता येत नाही. ती ठराविक वर्षं ठेवावी लागते, पान फाडलं तर गुन्हा होतो. कपाटाला कुलूप आहे, आता कुणी पाहू शकत नाही. हे बोलताना माझा मलाच आवाज परका वाटत होता. आणि आम्हा दोघांनाही ठाऊक होतं की फाईलमध्ये काही उरलेलंच नाही. जे जायचं ते कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये गेलं होतं, आणि तिथून परत मागायचं कुणाकडे हे ना त्याला माहीत होतं, ना मला.

"मंग आमी काय करा?" त्यानं विचारलं. भांडणाचा सूर नव्हता. तो खरंच विचारत होता, मी सिस्टर होते म्हणून.

मी म्हटलं, "चहा घेता का, भाऊ?"

तो नाही म्हणाला. उठला, दारापर्यंत गेला, मग वळून मला नमस्कार केला आणि पायऱ्या उतरून गेला. थोड्या वेळानं आठ नंबरच्या आजोबांसाठी वॉकर हवा म्हणून मावशी विचारायला आल्या. मी तो उचलून त्यांच्या हातात दिला.